चोवीस तासांची वही

रविवारी सावर्ड्याहून टेमकरांचा फोन:
तुमच्या पिल्लाचा भाऊ गेला, एकाच वेताचा.
पाच महिन्यांचा. खेळला, जेवला, झोपला,
सकाळी हाक मारायला गेलो तर अंगावर मुंग्या.
तुमचाही दाखवून घ्या. आईकडून आलं असावं.
पैसे कधीच चुकते झाले होते,
गप्प बसला असता तरी चाललं असतं त्याला.

हर्णैच्या बंदरात मी इंजिनं ऐकतो.
स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर, मूठ कानाला,
आणि सांगतो, तिसरा सिलिंडर मिसिंग मारतोय.
पिस्टनच्या बरगड्यांना नुसताच कान लावला.
टक टक टक टक, चोख.
दापोलीच्या खानविलकर डॉक्टरबाईंनीही ऐकलं.
"चोखच आहे," म्हणाल्या, "पाच मिनिटं.
दिवसाची मिनिटं चौदाशे चाळीस."

एसटीच्या पार्सलने यंत्र आलं, काड्यापेटीएवढं.
पाच ठिकाणी केस भादरले, पाच टिकल्या चिकटवल्या,
वरून हर्षलाचं जुनं बनियन.
सोबत एक वही: कुत्रा काय करतो ते लिहा, वेळेसकट.
अक्षर तिचं चांगलं, म्हणून वही तिच्याकडे.

दहा पाच. बनियन चावलं.
बारा. सुरमईचं डोकं, अख्खं.
चार वीस. लिलाव सुरू. बोली चढली की भुंकतो.
पाच पन्नास. सुवर्णदुर्गासमोर भरतीत धावला,
यंत्र भिजलं नाही, मी भिजले.
नऊ. भात.
एक चाळीस. झोप. पाय हलतात. कुणाच्या मागे आहे कोण जाणे.
तीन पाच. अजून धावतोय.
त्याखाली ओळ सरळ पानाबाहेर गेलेली,
पेन हातात घेऊनच झोपली होती.

आठवड्याने बाईंनी कागद उलगडला.
दिवसभरात जादा ठोके दोन.
रात्री दोन ते सहा, तीनशे अठ्ठ्याहत्तर.
एक ठोका रांग मोडून पुढे घुसलेला, रुंद, बेढब,
आणि त्याच्यामागे रिकामी जागा.
वल्हं उचललंय
आणि पाण्यात पडायचं राहिलंय.

"दोन वर्षं पार केली की बहुतेकांचं निवळतं."
बहुतेकांचं.
तोवर गोळी. गोळीनंतर पुन्हा यंत्र,
लागू पडली की नाही ते मोजल्याशिवाय कळत नाही.
याची पिल्लं नकोत.
मग फॉर्म ओढला. "रक्तात आणखी कुणी झोपेत गेलंय?"

हो, म्हणालो.
होडीच्या फळीवर, पौषात, बेचाळिसाव्या वर्षी.
आदल्या रात्री जाळं विणलं होतं.
लोक म्हणाले, पुण्यवान, कळलंसुद्धा नाही.

बाईंचं पेन थांबलं.
"मी कुत्र्याचं विचारत होते."
पंखा फिरत राहिला. पिस्टन टेबलाचा पाय हुंगत होता.
"तुमचं वय काय?"
"एकोणचाळीस."
त्यांनी एका माणसांच्या डॉक्टरचं नाव लिहून दिलं,
गोळ्यांच्याच चिठ्ठीवर, खाली.

ती चिठ्ठी अजून टूलबॉक्समध्ये आहे, तेलाचे डाग पडलेली.
पण हर्षलाने वहीत नवं पान आखलंय, दोन रकाने.
तीन पाच. पिस्टन: झोप, पाय हलतात.
तीन पाच. बाबा: जागे.

तिसऱ्या रकान्यासाठी तिने पट्टी टेकवली
तेव्हा मी म्हटलं, पानावर जागा नाही गं.
होती.