पार्टिंग लाइन

उद्यमबागेत, शेडच्या मागल्या खोलीत
मी लाकडाचे आकार करतो.
पंपाची भांडी, गिअरची खोकी, व्हॉल्व्हची पोटं.
माझी पट्टी जगाच्या पट्टीहून लांब आहे,
फुटामागं एक सूत.
लोखंड निवताना आकसतं,
तेवढं आधीच वाढवून धरायचं.
चाळीस वर्षं मी खरं माप वापरलेलं नाही.

शांतला होनगेकर आली दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात.
धारवाडला फिजिक्स शिकलेली,
आई हुक्केरीची, बाप होनग्याचा,
रागावली की आईच्या भाषेत जाणारी.
पिशवीत तारेचे सांगाडे आणि धुण्याच्या पावडरीचा पुडा.
बादलीत तार बुडवून वर काढली तर
तिच्यावर पाण्याचा पापुद्रा ताणलेला,
फुगा नाही, सपाटीही नाही,
जिथं एका अंगानं वाकला
तिथंच दुसऱ्या अंगानं उलटा.
"पाणी लागेल तेवढंच कातडं वापरतं, मोनाप्पा."
म्हटलं, आमचा मालकही तसाच.

मग तिनं कागद पसरला.
एकच पत्रा, वळत वळत सगळीकडं गेलेला.
त्याच्या अल्याड एक बोळ, पल्याड एक बोळ,
आरशात बघावेत असे सारखे,
प्रत्येक वळणावर एकमेकांना खेटून,
आणि एकातून दुसऱ्यात जायला वाट नाही.
हे तिला लोखंडात हवं होतं. कमरेइतकं उंच.

मी विचारलं ते, जे मी सगळ्यांना विचारतो:
पार्टिंग लाइन कुठं?
साचा दोन पेट्यांत होतो, वरची आणि खालची.
मध्ये रेघ लागते.
रेघ नसेल तर पॅटर्न वाळूतून सुटत नाही.
तिनं पेन्सिल कानामागं अडकवली.
"मला नाही सापडली. तुम्ही बघा."

तीन रात्री बघितलं.
साबणाच्या वडीत आकार कोरला,
त्याच्यावर निळीनं रेघा मारल्या.
कुठंही मारा,
खाली एक आडवी जागा उरायचीच
वाळू धरून बसणारी.
चौथ्या दिवशी बायकोनं त्या वडीनं कपडे धुतले.

शेवटी गाभे केले.
दोन पेट्या, एक उजवी, एक डावी,
वाळूत काकवी कालवून चौसष्ट तुकडे.
भाजताना शेडभर गुऱ्हाळाचा वास.
बैलहोंगलचा बसाप्पा ऐदु, आरु करत लावायचा,
मी सात, आठ करत पुढं न्यायचा.
एकदा त्रेसष्टच भरले.
भांडण झालं, पण ते तंबाखूवरून.

पहिली ओतणी फसली.
दोन बाजूंनी आलेल्या धारा मध्ये भेटल्या,
तोवर दोघी गार झालेल्या.
एकमेकींना टेकल्या, मिसळल्या नाहीत.
ह्याला कोल्ड शट म्हणतात.
वरून नुसती केसाएवढी शीर दिसते,
हातोडा मारला की तिथंच उकलतं.
शांतला भंगाराशेजारी बसून राहिली,
माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली,
मग म्हणाली, "इन्नोंद सल."
आणखी एकदा.

लोखंड जास्त तापवलं, तीन जागी तोंडं दिली.
दोन दिवस झाकून ठेवलं.
वाळू झाडली तेव्हा बसाप्पानं बिडी पेटवली, निपाणीची,
आणि एका भोकात धूर सोडला.
धूर सोळा भोकांतून बाहेर आला.
उरलेली भोकं कोरडी.
त्यानं पलीकडं जाऊन तिथंही सोडला.
मग आम्ही तिघं, मालकाचा ड्रायव्हर
आणि चहाचं पोरगं, आळीपाळीनं
धूर सोडत राहिलो, कुणाचं काम अडलेलं नसल्यासारखे.

दुपारी एका अंगाला ऊन पडलं.
मी सहज दुसऱ्या अंगाला हात लावला,
आणि लगेच काढला.

ट्रक घेऊन गेला, कुठं ते मी विचारलं नाही.
खऱ्या पट्टीनं मोजलं होतं, माप बरोबर भरलं.
आता दोन्ही कोअरपेट्या फळीवर आहेत,
नंबर घातलाय, वाळवीचं औषध मारलंय.
रजिस्टरात पॅटर्नची नोंद करावी लागते:
लाकूड सागवान. आकसणं फुटामागं सूत. वजन.
पुढचा रकाना पार्टिंग लाइनचा.
तो मी मोकळा सोडला.
कारकुनानं वही परत पाठवली, लाल खूण करून.
मी सही केली आणि तशीच परत दिली.