चारची फेरी

दाभोळच्या धक्क्यावर माझी खिडकी.
टेम्पो, रिक्षा, मोटारसायकल, माणूस,
सगळ्यांचे दर पाठ. लहान मुलाला अर्धं.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, अकराच्या बोटीने
पलीकडून हरेश्वर पालशेतकर येतो,
शर्टाला इस्त्री, अंगाला तरीही डिझेलचा वास.
दापोलीच्या एसटीतून वृषाली उतरते,
दवाखान्यातली रात्रपाळी डोळ्यांत तशीच.
मध्ये तन्मयी, सात वर्षांची.
दप्तरात इन्हेलर, जादाचा फ्रॉक,
आणि एक चिठ्ठी: तिखट देऊ नये.
दोघं बोलत नाहीत. चिठ्ठी बोलते.
"चारच्या आत," एवढंच वृषाली म्हणते,
तेही खाडीकडे बघून.

मांदेली तळून होते, पोर काटे काढत बसते,
तोवर निघायची वेळ.
एकदा चार वाजून सतरा मिनिटं झाली
तर खेडच्या कोर्टात अर्ज गेला होता.

जून-जुलैत मासेमारी बंद.
होडी झापांखाली, हरेश्वर दिवसभर घरी,
जाळ्याला टाके घालत.
कागदावर तरी दोनच शनिवार,
त्यातला एक वाऱ्याने खाल्ला.
कुठल्या तिथीला भांग, कुठल्या तिथीला उधाण,
त्याला झोपेतही सांगता येतं.
शनिवार तेवढा कळत नाही, म्हणतो.

मागच्या महिन्यात तो फाइल घेऊन आला.
सोबत चिपळूणचे एक मास्तर,
ज्यांनी तीन वर्षांत नातू पाहिलेला नाही,
आणि वकील सानिया परकार,
जिला लहानपणी दोन घरांतलं एकच मिळालं.
कायदा बदला, या अर्जावर सह्या हव्या होत्या.
"भेट नको, ताई," हरेश्वर म्हणाला,
"भेटायला तुरुंगात जातात.
मला तिचा ताप हवा.
सोमवारी पोट दुखल्याचं नाटक हवं."

एकोणचाळीस सह्या. वृषालीची नव्हती, मी पाहिलं.
पेन उचललं
आणि मनगटातलं जुनं हाड ठणकलं.
हरेश्वरला ते ठाऊक नाही.
कोर्टाने एका माणसाला लांब ठेवलं
म्हणून माझा मुलगा आज
रत्नागिरीत पॉलिटेक्निकला आहे.
हा कागद त्या वर्षी असता
तर कुठल्या धक्क्यावर
मी त्याचा हात सोडला असता?

रांग वाढली. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.
मी समासात लिहिलं, तिकिटांच्याच पेनाने:
जिथे हात उगारला गेला नाही, तिथे.
खाली सही, माहेरच्या नावाने.
मास्तर काही बोलले नाहीत.
सानियाने दोनदा वाचलं.
"हे समासात नको," म्हणाली, "पहिल्या ओळीत घेऊ."

आज चौथा शनिवार.
उधाणाचं पाणी रॅम्पवर चढलेलं,
चारची फेरी पंचवीस मिनिटं उशिरा.
वृषाली धक्क्यावर उभी.
घड्याळ पाहिलं नाही असं नाही.

तन्मयी उतरली, मुठीत ओल्या शिंपल्या.
"आई, बाबाकडे मी माझा ब्रश ठेवलाय. नवा. कायमचा."

मी सुट्टे पैसे मोजत राहिले,
पाच, दहा, परत पाच.

वृषालीने मान वर केली,
खाडीकडे नाही, त्याच्याकडे:
"मऊच घेतलायस ना?
तिच्या हिरड्यांतून रक्त येतं."