ब्रास

ग्रामपंचायतीला गावाचा इतिहास हवाय, दोन पानांत.
वडारवाडा त्यात एका ओळीचा :
'नदीच्या उत्तरेस दगडखाण आहे.'
आहे म्हणजे आता पाणीच आहे, काळं,
शेळ्या कडेला उभ्या राहून वाकतात, पिता पिता मागे सरतात.

मी सायण्णाची नात.
आजा दगडाला कान लावायचा.
सुतकीनं एकदाच वाजवून सांगायचा,
हा मुका, हा बोलका, हा आतून तडकलेला.
मुका पायाला जायचा,
बोलका जात्याला.

निजामाच्या ठेकेदारानं पुलाला दगड नेला
तेव्हा भरले चाळीस ब्रास, पैसे मिळाले एकतीसचे.
उरलेले नऊ तेरणेच्या पात्रात उभे आहेत अजून,
तिसऱ्या कमानीखाली.
पुलावरून जाताना आजा तिथं थुंकायचा नाही.
'आपला हाय तेवढा,' म्हणायचा.

बहात्तरला सगळं गाव खडी फोडायला आलं.
पाटलाच्या सुनेचे तळहात सोलवटले.
नरसव्वानं तिला हातोडी धरायला नाही,
डोळे मिटायला शिकवलं :
घाव बसताना मिटायचे,
कपची उडून गेली की उघडायचे.
एक दुष्काळभर ती आमच्या डेऱ्यातलं पाणी प्यायली.
पुढच्या साली पाऊस झाला,
नि नरसव्वाच्या ओंजळीत ती पुन्हा वरून ओतायला लागली.

मग गणपती बुडवल्यानंतरची ती पहाट.
आमच्या पाचटाच्या झोपड्या हलल्या नि थांबल्या.
गावात मात्र आमचाच दगड होता,
दोन-दोन हात रुंद, मातीत बसवलेला,
निजलेल्यांवर.

आजा तीन दिवस उपसत होता.
कुठला चिरा कुठं धरायचा, त्यालाच ठाऊक.
एखाद्यावर स्वतःची टाकी दिसली
की जरा थांबायचा, मग बाजूला रचायचा.
चौथ्या दिवशी कुणीसं म्हणालं, दगडानं मारलं.
त्यानं ऐकलं.
घण काही खाणीत फेकला नाही, गोष्टीत फेकतात तसा.
विकला. लातूरच्या भंगारवाल्याला, अडुसष्ट रुपयांना.

नव्या गावात पत्रा आला, सिमेंट आलं.
खाणीत तेवढं पाणी.

'एखादं वाक्य वाढवू का तुमचं?' ग्रामसेवक विचारतो.
चांगला पोरगा आहे.
मी म्हणते, लिहा :
पुलाखाली नऊ ब्रास येणं बाकी.

तो पेन थांबवतो.
'वाळूचे का?'