दुभाषी

वर्धनगडाच्या पायथ्याला, पारावर खुर्ची एकच.
कप्तान बसला. सटवा नाईक उभा,
खांद्यावर घोंगडी, हात रिकामे.
कुऱ्हाड चावडीत ठेवून घेतलेली.

साहेबाला माणसं हवी होती, बसऱ्याला.
नाईक म्हणाला, "अकरा पोरं देतो,
पर रामोशवाड्याची रातची हजेरी उठवा."

साहेब म्हणाला, विचार करू.
मी मराठीत सांगितलं, उठवली.

मग ज्वारीची भाकरी, मिरचीचा खर्डा.
नाईकानं मलाही वाढलं.

अकरांतले दोघे आले. एकाला हात नव्हता.
त्या रात्रीही पाटलानं कंदील वर धरून
नावं पुकारली, सगळीच. वहीवर मीच होतो.
हैबतीच्या नावाला
बाप म्हणाला, "हजर हाय."

दौतीत शाई थोडीच होती.
तसं लिहिलं.