चोवीस रिंगा

चांगवॉनच्या कारखान्यात मी माल मोजते.
पाण्याच्या पाइपांच्या रबरी रिंगा,
शंभरांचं पाकीट, पन्नास पाकिटांचा खोका.
एकोणीस वर्षं झाली. मोजणीत चूक नाही,
असलीच तर वहीत नोंदवलेली.

मार्चमध्ये कुणीतरी कुणाला तरी सांगितलं
की आमची रिंग रॉकेटात बसते.
खरं एवढंच, की दोन वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेला
चोवीस रिंगांचा नमुना गेला होता.
पावती माझ्याच हातची.
उत्तर आलं नव्हतं.

चार हजार वॉनचा शेअर मंगळवारी पाच हजारांवर,
गुरुवारी साडेसहा.
इथे चढता आकडा लाल असतो, उतरता निळा;
कँटीनच्या टीव्हीवर आमचं नाव
पोळल्यासारखं लाल.
मालक ताक मान-हो यांनी खुलासा काढला :
असं काहीही नाही.
लोक म्हणाले, काही असल्याशिवाय
नाही कशाला म्हणतील?
आणि भाव आणखी चढला.

यंत्रं तीच. तीन प्रेस, त्यातला एक कण्हणारा.
ट्रक तेच, दिवसाला दोन.
पण कंपनीचे मुळात आहेत जेवढे शेअर
त्याहून जास्त एका दिवसात विकले गेले.
सकाळी एकाचा, जेवणानंतर दुसऱ्याचा, तीनला तिसऱ्याचा,
लग्नघरातलं तान्हं बाळ जसं
या कडेवरून त्या कडेवर,
आणि आई कोण, हे कुणीच विचारत नाही.

मी हिशेबाची बाई.
गोदाम, जमीन, येणी, देणी एका कागदावर मांडली :
चार हजार शंभर. फार तर साडेचार.
सहा हजारांना माझे सगळे विकले
आणि शहाणी ठरले.
दोन दिवस.

एकतीस हजार झाले तेव्हा नणंद ग्युम-रान म्हणाली,
"तुला तर आतलं माहीत होतं ना?"
माहीत होतं, तेच नडलं.
ज्यांना माहीत होतं ते विकून घरी बसलेले;
मैदानात उरले ते फक्त भरवसा असलेले,
आणि बाजार मत विचारतो
ते उरलेल्यांनाच.

एकटीनं बरोबर असण्याचा फार कंटाळा येतो.
अठ्ठावीस हजारांना वीस शेअर घेतले मी,
गोदामात, खोक्यांच्या आडोशाला,
अंगठ्याच्या एका दाबानं.
त्या दुपारी एक खोका मोजायचा राहिला.

ऑक्टोबरपर्यंत निळं. नुसतं निळं.
ग्युम-रान आता पुन्हा बोलते;
दोघींचं सारखंच बुडालं की सूर जमतो.
आकडा चार हजार तीनशेवर येऊन टेकला,
माझ्या कागदाच्या अगदी जवळ.
कागद कुणाला दाखवू?

काल प्रयोगशाळेकडून खोका परत आला.
सोबत चिठ्ठी नाही.
मोजल्या : तेवीस.
पुन्हा मोजल्या. तेवीस.
वहीत लिहिलं, एक कमी, कारण अज्ञात.
जेवणाच्या सुट्टीत हे मी
फक्त प्रेसवरच्या यांग-सुकला सांगितलं.

दोन वाजता टीव्हीवर आमचं नाव
किंचित लाल.