शिट्टी थांबली तरी

माझं काम कान लावायचं.
पाठीवर दोन मायक्रोफोन चिकटवायचे, खांद्याच्या पात्याखाली,
आणि म्हणायचं, बोलू नका, नुसता श्वास घ्या.
मग धमनीतलं चमचाभरही नसलेलं रक्त
बर्फाच्या डब्यातून जिन्याने खाली, मशीनपर्यंत.
वहीत दोन रकाने. आवाज. लॅक्टेट.
डॉक्टर बूच म्हणतात, दोघांचं काहीतरी नातं आहे,
काय ते तू ऐक.

तीन वर्षं ऐकते आहे.
कुणाची छाती कुकरसारखी, शिट्टीच्या आधीची फुरफुर.
कुणाच्या आत ओल्या चपला घासत कोणी चाललंय.
शियाबागेतल्या एका बाईंच्या उजव्या फुप्फुसात
एक पोर पेनाच्या टोपणात फुंकत बसलं होतं, रात्रभर.
रकाने भरतात. नातं काही लागत नाही.
घरी जाऊन दूध विरजते,
त्यातही तेच आम्ल, आणि ते गुपचूप लागतं.

विश्वामित्री वर आली त्या रात्री
जनरेटरच्या खोलीमागे मगर निघाली.
भाविक परमार आणि दोन पोरं, दोर, ओलं गोणपाट.
तिने जबडा उघडून जो श्वास सोडला
तो मी ओळखला. बारा नंबरच्या खाटेवर तोच होता.
पोरं ओढू लागली तसा भाविक ओरडला,
'एने थकववानी नहि!'
फार झुंजली की रक्त आंबतं म्हणाला.
सोडली की जाते नीट पाण्यात,
आणि पहाटे पोट वर करून सापडते.
कुठे शिकलास रे हे?
'दोन मेल्या माझ्या हातून, बेन.'

बारा नंबर म्हणजे पागेदार काका, दांडिया बाजार,
पन्नास वर्षं सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून
हवा कुठून जाते ते बघणारे.
चार वाजता त्यांची शिट्टी थांबली.
ज्युनिअर डॉक्टर हसली, मग घड्याळाकडे बघून हसायची थांबली.
मिनिटाला अडतीस श्वास. अजूनही.
आणखी एक वाफ देऊ? ही आठवी.

मी हेडफोन लावला.
गप्प छाती दोन तऱ्हेची असते.
एकीत हवाच शिरत नाही, ती ऐकून माझे हात गार पडतात.
ही तसली नव्हती. हवा तळापर्यंत जात होती,
मोकळ्या रस्त्याने, आणि तरी धावत होती.
रक्त खाली नेलं. नऊ पूर्णांक एक.

फोनवर बूच झोपेतच म्हणाले, वाफ थांबवा.
औषधानेच कधी कधी रक्त असं आंबतं,
मग माणूस दमा संपल्यावरही धापा टाकतो, आंबट बाहेर टाकायला.
ऑक्सिजन राहू दे. दर तासाला रक्त बघा. बाजूला बसा.

बसले.
खाटेवरची ट्यूबलाइट मालवली.
गोणपाट नव्हतं, म्हणून माझी ओढणी
त्यांच्या डोळ्यांवर, हलकेच.
सात पूर्णांक चार. पाच.
उजाडताना त्यांनी ओढणी बाजूला केली आणि विचारलं,
पंक्चर कुठे होतं?

भाविकचा फोन आला, सोडली, गेली पाण्यात.
बरी आहे का?
'ते उद्या कळेल.'

वही उघडली.
लॅक्टेट, तीन पूर्णांक दोन.
आवाजाच्या रकान्यात 'नाही' लिहिलं,
मग खोडून लिहिलं,
आता मला ऐकू येत नाही.