अक्षरामागे दोन नाणी

कापुआच्या वेशीबाहेर, थडग्यांच्या रस्त्याला
माझं दुकान. अक्षरामागे दोन नाणी,
आकडे अर्ध्या भावात.
दगड वेगळा.

ती यायच्या आधी वास आला,
धोब्यांच्या हौदाचा. शिळ्या मुतात दिवसभर उभं राहून
तुडवायचे थोरामोठ्यांचे झगे,
तेव्हा कुठे ते सभेत शुभ्र दिसतात.
घोट्यापर्यंत कातडी सोललेली.

कुणाची? विचारलं.
मालकाचं नाव आधी सांगितलं, मग स्वतःचं : थालूसा.
आम्ही सगळे त्याच क्रमाने सांगतो.

माणूस झुंजींतला. वाकडी तलवार, लहान ढाल.
अकरा झुंजी. सात जिंकला,
तीनदा लोकांनी जीवदान दिलं.
उरलेली एक मी विचारली नाही.

"बायकोने उभारला, असं लिही."
गुलामाला बायको नसते, बाई.
कायद्याला चालतो तो शब्द : एका खोलीत राहणारी.
तेरा अक्षरं. बायको चारातच मावली असती.
वर मालकाचं नाव, तीन तुकड्यांचं,
ते घालावंच लागतं.
सगळ्यात जास्त पैसे त्याचेच झाले.

तिने फडक्याची गाठ सोडली.
नाण्यांनाही तोच वास.

आणि याचं? पार्डस ना? सहा अक्षरं.
"ते आखाड्याने ठेवलेलं."
दगडावरची रेघ आहे, म्हटलं, नीट विचार कर.
मग तिने ते दुसरं नाव उच्चारलं,
डॅन्यूबपलीकडे त्याच्या आईने हाक मारलेलं,
तिला त्याने एकदाच, अंधारात सांगितलेलं.
मधे घशात खडा घरंगळल्यासारखा एक आवाज.
तीस वर्षं अक्षरं कोरतोय,
त्या आवाजाला माझ्याकडे अक्षर नाही.

पुन्हा म्हण.
ती पुन्हा म्हणाली.
पुन्हा.

तिला वाचता येत नव्हतं. काहीही कोरलं असतं तरी चाललं असतं.

समोर पार्डस घातलं, पैसे घेतले.
संध्याकाळी दगड आडवा केला
आणि जो भाग मातीत जातो तिथे
ते नाव जमेल तसं बसवलं,
मधे छिन्नीचा एक नुसता घाव.
त्याचे लावले नाहीत.

माझ्या नावाआधीही दोन नावं आहेत,
मला मोकळं करणाऱ्याची. दुकानाच्या पाटीवर तिन्ही.
पण त्याच्याही आधी एक होतं.
हत्यारं पुसताना जिभेवर आणून पाहिलं,
पहिला सूर लागलासा वाटला,

तेवढ्यात बाहेरून हाक :
कुणा भट्टीवाल्या शेठचा कारभारी,
चौथऱ्यासकट हवं होतं, चाळीस ओळी,
भाव काय म्हणून विचारत होता.